लुगडं नव्हे, लुगरा

वांद्र्याच्या रणवार, चिंबई, शेर्ली, राजन या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरबोली म्हणजे उत्तर कोकणच्या मराठीचीच एक शाखा. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ च्या सुमाराचं, बोली त्याहून कितीतरी जुनी. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. या दोनशे वर्षांत इथल्या अनेकांचा धर्म बदलला, जिभेचं वळण बदललं नाही. शेजारचे हिंदू कोळी आणि आगरी आजही बरेचसे तेच उच्चार करतात. उत्तरेला वसईत तर सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली एकच. बोलीची सीमा धर्मावरून आखता येत नाही, ती अशी.

लग्नघरात ही बोली नीट ऐकू येते. नवरीच्या पारंपरिक वस्त्राचं नाव ‘लुगरा’. मराठीत दोन स्वरांमधला ‘ड’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला निसटतं टेकतं. इथे ते वळतच नाही, वरच्या दातांमागेच आपटतं आणि ‘र’ उमटतो. म्हणून घोडा तो घोरा, गाडी ती गारी. ‘ण’ आणि ‘ळ’ यांचीही हीच गत: पाणी होतं पानी, काळा होतो काला. शब्दारंभीचा ‘ड’ मात्र टिकतो. ‘डोळा’चा ‘डोला’ होताना पहिलं अक्षर जागचं हलत नाही.

‘इ’ आणि ‘ए’ यांच्याआधीचा ‘व’ही गळतो. वीस म्हणजे ईस. ‘वेळ’चा ‘एल’ होतो, त्यात तर दोन्ही बदल एकदम. खुद्द वांद्र्याच्या ‘व’पुढे ‘आ’ असल्यामुळे तो बचावला. पोर्तुगीजांनी मात्र त्याचा ‘ब’ करून ‘बांदोरा’ लिहिलं.

इंग्रजी शाळांमुळे ही बोली आता बहुधा रोमन लिपीत लिहिली जाते. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणण्याच्या विधीचं ‘उंबराचा पानी’ हे नाव पत्रिकेवर रोमनमध्येच छापतात. त्या लिपीत ‘ण’ आणि ‘न’ एकाच अक्षरात बसतात, ‘ळ’ आणि ‘ल’ही. त्यामुळे पत्रिका वाचून तो उच्चार कळत नाही. ‘लुगरा’तला ‘र’ तेवढा रोमनमध्येही स्पष्ट उमटतो.