मूठभर मोरचूद आणि नव्वद मैलांचें वाळवंट

पाऊस पडत असूनहि जी जमीन पिकत नाहीं, तिला नापीक ठरवून सोडून देणें हा मनुष्यस्वभावच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियांत ॲडलेड शहराच्या आग्नेयेस पसरलेल्या अशाच एका रेताड प्रदेशास ‘नव्वद मैलांचें वाळवंट’ असें नांव पडलें होतें. वस्तुतः तेथें वर्षास सुमारें १८ इंच पाऊस पडतो. तरीहि पेरलेलें पीक खुरटत असे आणि चरणारीं मेंढरें रोडावत. दोष आकाशाचा नव्हता, मातीचा होता.

वनस्पतींस नत्र, स्फुरद व पालाश हीं द्रव्यें लागतात, हें सर्वश्रुत आहे. परंतु लेशमात्र कां होईना, तांबेंहि लागतें, हें १९३१ सालच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें. गव्हाच्या कोवळ्या, वाळविलेल्या पानांत १० लक्ष भागांस जेमतेम कांहीं भाग तांबें असतें. तें सुमारें दोन भागांखालीं उतरलें कीं पीक आजारी पडतें. जुन्या पानांतील तांबें नव्या पानांकडे सहजीं जात नाहीं. म्हणून कोवळ्या पानांचीं टोकें प्रथम पांढरीं पडून पिळवटतात. पुढें परागकण वांझ राहतात, आणि ओंबी दिसली तरी तींत दाणा भरत नाहीं.

जी उणीव चाऱ्यांत, तीच जनावरांत. पश्चिम ऑस्ट्रेलियांत कांहीं ठिकाणीं कोंकरांचे मागील पाय लुळे पडत. त्याचें मूळ तांब्याच्या अभावांत आहे, असें बेनेट्स व चॅपमन यांनीं १९३७ सालीं दाखवून दिलें. तांब्यावांचून मेंढीच्या लोकरीचा नैसर्गिक कुरळेपणाहि जातो, व ती तारेसारखी सरळ होते.

१९४० नंतरच्या दशकांत डेव्हिड राइसमन यांनीं वाळवंटांत प्रयोग केले. तेथें तांबें व जस्त या दोहोंचीहि वाण होती. एकट्यानें काम भागत नव्हतें. सुपरफॉस्फेटबरोबर दर एकरीं सुमारें ७ पौंड मोरचूद व तितकेंच जस्ताचें सल्फेट मिसळतांच कुरणें फोफावलीं. १९४९ पासून ए. एम. पी. या विमासंस्थेच्या भांडवलानें तेथें शेतें उभीं राहूं लागलीं, आणि वाळवंटाचें जुनें नांव मागें पडून ‘कूनलपिन डाउन्स’ हें नांव रूढ झालें.

तांबें मातींतील सेंद्रिय द्रव्यास घट्ट धरून राहतें. पावसानें सहसा वाहून जात नाहीं. त्यामुळें एकदां दिलेली मात्रा अनेक वर्षें पुरते. उभ्या पिकावर सौम्य फवाराहि चालतो, पण त्याचा लाभ बहुधा त्याच हंगामापुरता. मात्र टिकून राहण्याचा हाच गुण कधीं अंगाशीं येतो. नाशिककडील द्राक्षबागाइतदारांस परिचित असलेलें बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद व चुना. बुरशीवर तें वर्षानुवर्षें फवारल्यास जमिनींत तांबें सांचतें व मुळांस बाधक होतें. मेंढीस तर थोडें अधिक तांबेंहि विषासमान. म्हणून माती व पान तपासून घेतल्यावांचून शेतकऱ्यानें मोरचुदास हात लावूं नये. जेथें उणीव आहे तेथें मूठभर क्षार ओसाड रान हिरवें करतो. जेथें ती नाहीं, तेथें तोच क्षार चांगली जमीन बिघडवितो.