सातचा भोंगा आपल्या घरात वाजेल?

घरात एखादं छोटं पिल्लू आहे? मग हा सीन तुम्हाला पाठ असणार. एका हातात वरणभाताचा घास, समोर मोबाइलवर कार्टून. कार्टून थांबलं की तोंड बंद!

आमच्या शाहूपुरीतल्या घरातही हेच. भाचा तीन वर्षांचा. परवा मला असाइनमेंट संपवायची होती आणि तो मागं लागलेला. दिला फोन हातात. दोन तास घर एकदम शांत. फोन काढून घेतल्यावर मात्र पठ्ठ्यानं जमिनीवर लोळण घेतली, जेवलाही नाही. वहिनी त्याला ओरडली. खरं तर बोलणी मला बसायला हवी होती.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे आयएपीनं, २०२१ मध्येच सांगितलंय : दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, आजी-आजोबांशी कधीतरी व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. जेवताना आणि झोपण्याआधीचा एक तास स्क्रीन बंद.

वाचायला सोपं आहे, पण जमवायचं कसं? शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं एक वाट दाखवली. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना. तेव्हा २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवलं : संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. सुरुवातीला आशा ताई, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून समजावत होत्या. गंमत म्हणजे बंदी फक्त पोरांना नव्हती. मालिका बघणाऱ्या आई-आजीलाही होती.

खरी गोम इथंच आहे. आपण रील्स बघत बसायचं आणि पोराला ‘मोबाइल वाईट असतो’ म्हणायचं, हे कसं चालेल?

आम्ही आता सात ते आठ सगळ्यांचे फोन कपाटात ठेवतो. पहिले तीन दिवस रडारड झाली. चौथ्या दिवशी कुंभार गल्लीतून मातीचा गोळा आणला. भाच्यानं त्याचा ‘हत्ती’ केला. दिसतो बटाट्यासारखा, पण सोंड आहे म्हणे!

आणि खरं सांगू? त्या तासात फोनसाठी सगळ्यात जास्त तडफडते ती मीच.

तुमच्या घरात कोण तडफडतंय? आज सातला बघाच.