विज्ञान केंद्रात रांग मोडायची असते

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कामरेजच्या सोसायटीत शाळकरी मुलांच्या घरी एक विषय हमखास निघतो: सहलीचं संमतिपत्र. पूर्वी तो सायक्लोस्टाइल केलेला कागद असायचा, आता शाळेच्या ग्रुपवर पीडीएफ येते. ठिकाण, निघायची वेळ, पैसे, डब्यात काय द्यायचं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, 'मी माझ्या जबाबदारीवर पाल्यास पाठवत आहे'. त्या शेवटच्या ओळीपाशी हात थांबतो.

थांबणारच. कामरेजहून शहरात जायचं तर लसकाणा, मग सरथाणा. सरथाण्यालाच तक्षशिला आर्केड. २४ मे २०१९ ला तिथे वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये अडकलेली मुलं आगीतून सुटायला खाली उड्या मारत होती, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २२ जीव गेले. पुढे १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका परत आल्या नाहीत. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हतं. त्यानंतर माझ्या ओळखीच्या काही घरांनी सहल या शब्दावरच फुली मारली. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

तरी मी सही करतो. फक्त त्याआधी शाळेला विचारतो: एका बसमध्ये किती मुलं आणि किती मोठी माणसं? बसचं आपत्कालीन दार उघडतं का, की त्यालाच टेकून सामान ठेवलंय? प्रत्येक बसची वेगळी नावांची यादी कुणाच्या हातात असेल? वाटेत 'जाता जाता' म्हणून एखादा तलाव किंवा वॉटरपार्क घुसवलाय का? शाळेला हे प्रश्न आवडोत न आवडोत, विचारायचे. चांगली शाळा उत्तरं देते, आणि पुढच्या वर्षी ती पीडीएफमध्येच छापते.

आता मुद्द्याचं. ही सहल जिथे जाते ते ठिकाण काय आहे, आणि तिथे आपली मुलं नेमकं काय करतात?

सिटी लाइट भागातलं सुरत विज्ञान केंद्र २००९ मध्ये सुरू झालं. ते महानगरपालिकेने बांधलं आणि महानगरपालिकाच चालवते. तारांगण आहे, विज्ञानाची दालनं आहेत, आणि १८९० मध्ये विंचेस्टर म्युझियम म्हणून सुरू झालेलं शहराचं जुनं वस्तुसंग्रहालयही, आता सरदार पटेलांच्या नावाने, त्याच आवारात आहे. माझी बारावी त्याच्या आधीच झाली. आमच्या वेळी सहल म्हणजे उकाई धरण नाहीतर डुमसचा किनारा आणि परतताना बसमध्ये अंताक्षरी.

अशा केंद्रांमागे एक साधी कल्पना आहे: वस्तू काचेच्या कपाटात न ठेवता मुलाच्या हातात द्यायची. ती रुजवणाऱ्यांत मोठं नाव फ्रँक ओपेनहायमर यांचं. २०२३ चा सिनेमा पाहिलेल्यांना थोरले रॉबर्ट ठाऊक आहेत, हे त्यांचे धाकटे भाऊ. तेही भौतिकशास्त्रज्ञ, तेही अणुबाँबच्या प्रकल्पात होते. पुढे कम्युनिस्ट पक्षाचं जुनं सदस्यत्व उघड झालं, १९४९ मध्ये विद्यापीठाची नोकरी गेली, आणि हा माणूस कोलोराडोत गुरं पाळू लागला. मग तिथल्याच एका छोट्या गावच्या हायस्कुलात शिकवायला लागला. मुलांना घेऊन गावाच्या भंगाराच्या ढिगाऱ्यावर जायचं, मोडक्या यंत्रांचे भाग आणायचे आणि त्यांवर भौतिकशास्त्र शिकवायचं, अशी त्यांची पद्धत. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' उघडलं. संग्रहालयात कुणी नापास होत नसतं, असं ते म्हणत.

आपल्याकडे हे वारं उशिरा पोचलं असं मात्र नाही. विक्रम साराभाईंनी अहमदाबादेत कम्युनिटी सायन्स सेंटर त्याच १९६० च्या दशकात उभं केलं. मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरचं विज्ञान उद्यान १९७९ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, खुलं झालं आणि पूर्ण केंद्र १९८५ मध्ये. आपल्या दक्षिण गुजरातेत, डोंगरापलीकडे महाराष्ट्र असलेल्या धरमपूरला, १९८४ पासून जिल्हा विज्ञान केंद्र आहे. सुरतेच्या कितीतरी मराठी घरांना त्याचा पत्ताच नाही, याचं मला नवल वाटतं. आणि पुण्यात आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांड्यांची आठवण सांगणारी 'पुलस्त्य' इमारत आहे. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी करून दाखवली.

गेल्या वर्षी मुलीच्या वर्गाबरोबर मदतनीस पालक म्हणून गेलो तेव्हा पाहिलं ते असं. मुलं दोन रांगांत. पुढच्याचा खांदा धरून चालायचं. दर दहा मिनिटांनी शिट्टी आणि मोजणी. ज्या जागेचा जन्मच हात लावण्यासाठी झालाय तिथे 'हात नको लावू, पुढे चल' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची मोजणी मात्र कुणी केली नाही. हुशार मुलं वहीत पाटीवरचा मजकूर उतरवत होती, कारण परत गेल्यावर निबंध होता.

बेनवर मी चिडलो नाही. पंचेचाळीस मुलांमागे एक बेन, आणि वरचे ते दोन दिवस तिच्याही डोक्यात असणार. ती डोकी मोजणार नाही तर काय करणार? रांग ही विज्ञानाच्या विरोधात नसते, ती मोजणीच्या सोयीसाठी असते. म्हणजे मोजणी दुसऱ्या कुणी केली तर रांग मोडता येईल.

घरी येऊन मी कागदावर हिशोब मांडला (सवयच आहे, इलाज नाही). समजा १२० मुलं, ४० मांडण्या आणि एक तास. एका मांडणीवर एका वेळी एकच मूल धरलं तरी एकूण २,४०० मिनिटं होतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला हात लावायची २० मिनिटं. कमी नाहीत. पण पंचेचाळीसची रांग एकाच मांडणीसमोर उभी केली की पहिली तिघं चाकं फिरवतात आणि उरलेली बेचाळीस पुढच्याची मान बघतात. त्या वेळी बाकीच्या मांडण्या रिकाम्या! सॉफ्टवेअरमध्ये असा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत येईल.

या वर्षी आम्ही बारा पालक शाळेत जाऊन बोललो. दहा मुलांमागे एक पालक, त्याच्याकडे दहा नावांची चिठ्ठी, एका गटाला एक दालन ४० मिनिटं, मग अदलाबदल. गटातून दालनाबाहेर जायचं नाही, आत मात्र वाटेल तिथे जा. बेन मोकळी. निबंध नाही, त्याऐवजी प्रत्येकाने एक असा प्रश्न आणायचा ज्याचं उत्तर पाटीवर नाही. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. एका गटात मांडणीचं हँडल कोण फिरवणार यावरून मारामारी झाली. आणि एका बाबांनी (इंजिनियरच, अर्थात) मुलांना काही करूच दिलं नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतःच समजावत बसले. पालकांनी तोंड बंद ठेवायचं हा नियम पुढच्या वर्षी लेखी घालणार आहोत.

पण हिऱ्यांच्या दालनातली गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या दहांत एक मुलगा होता, वर्गात फारसं न बोलणारा. वडील वराछाला घंटीवर बसतात, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकावर. मी मुलांना विचारलं, हिरा काचेपेक्षा जास्त का चमकतो? सगळ्यांनी 'महाग असतो म्हणून' सांगितलं. हा पुढे आला, दोन्ही तळहात खाली टोक करून जोडले आणि म्हणाला, "अंकल, एंगल खोटो होय तो लाइट नीचेथी नीकळी जाय." कोन चुकला की प्रकाश खालून निसटतो.

हेच तर उत्तर. प्रकाश हिऱ्यात वरून शिरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ असल्यामुळे आतल्या बाजूने पैलूवर साधारण २४ अंशांहून जास्त तिरका पडलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, परत फिरतो. काचेत हाच आकडा ४२ अंशांच्या आसपास असतो, म्हणून तिथून बराच प्रकाश निसटतो. हिऱ्यातही खालच्या पैलूंचा कोन जमला तरच किरण दोनदा वळून वरून डोळ्यात येतो. हे गणित १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की या हिरेवाल्या घरातल्याच बेल्जियन तरुणाने मांडलं आणि खालच्या पैलूंसाठी ४०.७५ अंशांचा कोन काढला. आमच्या या मुलाने आकडा सांगितला एक्केचाळीस. वडिलांकडून ऐकलेला. बेनने त्याला तिथेच दुसऱ्या गटालाही समजावायला लावलं. पुस्तकातलं नाव 'पूर्ण आंतरिक परावर्तन', गुजरातीतही तेच आणि मराठीतही तेच, त्यामुळे भाषांतराचा प्रश्नच आला नाही.

मला त्या वेळी आपल्या माणसांची आठवण झाली. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणारी खानदेशी घरं, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा, आणि त्यातल्या कितीतरी मुलांचे वडील लूमवर. जॅकार्ड लूमच्या कार्डातलं भोक म्हणजे काय? भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि त्या हुकाचा ताणाधागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. हो किंवा नाही. १८०४ च्या सुमाराचं हे फ्रेंच यंत्र, आणि पुढे संगणकात माहिती भरायला वापरलेली भोकांची कार्डं याच कल्पनेची. मी ज्याच्यावर पोट भरतो त्याचा पणजोबा त्या मुलांच्या बाबांच्या हाताखाली रोज खडखडतो. केंद्राच्या कापडाच्या दालनात ही मुलं गेली तर तिथे तज्ज्ञ तीच. आपल्या मंडळाने एक रविवार ठरवून वडील आणि मुलं अशी जोडीने सहल काढावी, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. समजावून सांगायचं काम वडिलांचं. इंजिनियरांनी बस आणि यादी सांभाळावी.

घरी आल्यावर काय, हेही थोडं. अशा केंद्रांत नेहमी दिसणारी एक मांडणी आहे: दोन शंकू तोंडाला तोंड जोडलेले, आणि ते उतारावर वर चढतात असं दिसतं. मुलीने प्रश्न आणला तो त्याचाच: 'तो खरंच वर जातो का?' किराणावाल्याकडून तेल ओतायच्या दोन सारख्या फनेल आणल्या, रुंद तोंडं सेलोटेपने जोडली. दोन मोठ्या पट्ट्या इंग्रजी व्ही सारख्या ठेवल्या, उघडी बाजू दोन पुस्तकांवर उंच. शंकू खालच्या, मिटलेल्या टोकाला ठेवला की तो उघड्या, उंच टोकाकडे गडगडत जातो. बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, मधला भाग बघ, तो खाली येतोय." खरंच होतं. पट्ट्या दूर होत जातात तसा शंकू त्यांच्यात रुततो, टेबलापासून मधल्या भागाची उंची मोजली तर ती कमी होत जाते. चढतात त्या पट्ट्या, उतरतो तो शंकू.

पट्ट्यांमधलं अंतर कमी केलं की तो चढायचा थांबतो. एका पुस्तकावर नेमकं किती अंतराला थांबतो आणि दोन पुस्तकांवर किती, याचा तक्ता फ्रिजवर लावलाय. पाच रकाने भरलेत, तीन बाकी आहेत, आणि एक फनेल डोशाच्या तेलासाठी परत मागितली गेली आहे.