हीटर लावला तरी गाडीत गारच वारा? भोईवाड्याला पेशंट घेऊन निघण्याआधी कूलंट बघा

निफाड, चांदवड, दिंडोरी, सिन्नर. थंडीच्या दिवसांत या तालुक्यांतून पहाटे दोन-अडीचला मुंबईकडे निघणाऱ्या गाड्यांत एखादी तरी गाडी अशी असतेच, की पुढे ड्रायव्हर आणि घरातलं कर्तं माणूस, मागे शाल पांघरलेला पेशंट आणि मांडीवर फायलींची पिशवी. जायचं असतं परळच्या भोईवाड्याला. टाटा मेमोरियल, केईएम, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं तिथून पायी चालण्याच्या अंतरावर. केईएम १९२६ पासून, टाटा १९४१ पासून. आपल्याकडच्या कित्येक घरांना मुंबई म्हटलं की चौपाटीच्या आधी हीच गल्ली आठवते.

निफाड ते परळ अंतर साधारण २०० किलोमीटर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर आला, की त्या पहाटे गाडीत हीटर लागतोच. आणि नेमका तेव्हाच तो गार वारा फेकायला लागतो. बहुतेक जण बटण बंद करतात, काचा वर घेतात, 'जाऊ दे, मुंबईत थंडी कुठंय' म्हणतात आणि पुढे निघतात. चूक तिथंच होते. हीटरमधून गार वारा येणं ही नुसती गैरसोय नाही. बऱ्याचदा इंजिनातलं पाणी म्हणजे कूलंट कमी झाल्याची ती पहिली खूण असते.

हीटरला ऊब कुठून मिळते?

एसीसारखी हीटरची वेगळी यंत्रणा असेल असं पुष्कळांना वाटतं. हीटर लावला की डिझेल जास्त खातं, असंही म्हणतात. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीत तसं काही नसतं. इंजिन चालताना तापतं, ती उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरकडे नेऊन बाहेर टाकतं. त्याच गरम कूलंटचा एक फाटा डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये जातो. त्याला गॅरेजवाले हीटर कॉइल किंवा हीटर कोअर म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन आत येते. जी उष्णता नाहीतर वाया जाणार, तीच आपण वापरतो. जास्तीचा खर्च म्हटला तर पंख्याला लागणाऱ्या विजेएवढाच. (इलेक्ट्रिक गाडीचं मात्र उलटं आहे. तिथं हीटर बॅटरीवर चालतो आणि थंडीत गाडी कमी पल्ला देते.)

म्हणजे वारा येतोय पण गार आहे, याचा अर्थ ब्लोअर आणि त्याचा फ्यूज ठीक आहे. मग शक्यता दोनच. एकतर कॉइलपर्यंत गरम कूलंट पोचत नाही, किंवा पोचतंय पण हवा कॉइलला वळसा घालून येतेय.

आधी साध्या गोष्टी

गाडी चालू करून दोन मिनिटांत गरम वारा येणार नाही. पेट्रोल गाडीला पाच-सात मिनिटं द्या, डिझेलला आणखी जास्त. दारात उभी करून रेस देत बसलात तर डिझेल जळेल, ऊब फारशी येणार नाही. हळूहळू चालवत निघालं की इंजिन लवकर तापतं. तापमानाचा काटा जागेवरून हलेपर्यंत, किंवा नवीन गाडीत निळा दिवा विझेपर्यंत हीटरकडून अपेक्षा ठेवू नका.

मग नॉब बघा. निळ्या-लाल पट्टीतला काटा पूर्ण लालकडे आहे का? एसीचं बटण चुकून दाबलं गेलंय का? आणखी एक गोष्ट, ऐकायला विचित्र वाटेल: तुमच्या गाडीला हीटर आहे का, ते आधी बघा. जुन्या आणि स्वस्त मॉडेलमध्ये नुसता ब्लोअर असतो आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

कूलंट: इथं घाई नको

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा. पांढरट प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा खुणा असतात. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर तुमचं निदान बहुधा झालंच. कॉइल बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, म्हणून कूलंट कमी झालं की हवा आधी तिथंच अडकते. इंजिनाला अजून पुरतंय, काटाही मधोमध, सगळं ठीक दिसतं. फक्त हीटर गार. गाडी बंद पडण्याआधी मिळालेली ही सूचना आहे.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो. झाकण फिरवलं की उकळतं पाणी हातातोंडावर उडतं.

कूलंट कमी झालं तर भरायचं, पण ते गेलं कुठं हेही शोधायचं. बंद सर्किट आहे, आपोआप आटत नाही. गाडीखाली डाग, पाइपांच्या क्लिपजवळ पांढरी-हिरवी पापडी, वॉटर पंपाखाली ओल हे पाहायचं. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाखालचं कारपेट दाबून बघा. ते ओलं असेल, गाडीत गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर बसत असेल, तर कॉइलच गळतेय. बाहेर कुठंच गळती नाही, तरी पातळी उतरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो? मग हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. त्या गाडीने मुंबई करायची नाही. दुसरी गाडी सांगा.

आणि बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं पाणी जड, त्याचा क्षार कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो. आतून गंज धरतो तो वेगळाच. कूलंट कंपनीने सांगितलेलंच घ्या, रंग बघून दोन प्रकार मिसळू नका, आणि पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. रस्त्यात अडलात तर साधं पाणी चालेल, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

भरल्यावर हवा काढणं राहून जातं. काही गाड्यांना त्यासाठी स्क्रू असतो. नसेल तर गाडीचं तोंड चढाकडे करून, गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू ठेवायचं. बुडबुडे थांबले की पातळी पुरी करून झाकण लावायचं. ओळखीच्या मिस्त्रीसमोर एकदा करून घ्या, मग जमतं. रेस दिली की वारा गरम आणि गाडी उभी राहिली की गार, असं होत असेल तर हवा अडकली आहे, कूलंट कमी आहे किंवा वॉटर पंप थकला आहे.

दोन पाइपांना हात लावा

कूलंट पुरेसं आहे, तरी वारा गारच? इंजिन तापल्यावर बंद करा. इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्यात शिरणारे दोन रबरी पाइप दिसतील. जपून, जाड फडक्यातून हात लावून बघा. दोन्ही चांगले गरम असतील तर कॉइलला गरम कूलंट मिळतंय. आत गरम-गार हवा मिसळणारा फ्लॅप अडकलाय, किंवा त्याची केबल निसटलीय, किंवा मोटर गेलीय. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कॉइल चोक झालीय. उलट दिशेने पाणी सोडून ती धुता येते, नाहीच निघालं तर बदलावी लागते. दोन्ही गार असतील तर गरम कूलंट तिथवर येतच नाही: वाटेतला व्हॉल्व्ह बंद, हवा अडकलेली, नाहीतर थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तो दोष पुष्कळदा आपणच ओढवून घेतो. थर्मोस्टॅट ही एक छोटी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. उन्हाळ्यात गाडी तापली की काही मिस्त्री तो सरळ काढून टाकतात. 'आपल्या हवेत लागत नाही.' गाडी तापायची थांबते, मालक खूश. मग जानेवारीत हायवेला कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन नीट तापतच नाही, हीटर गार राहतो आणि वर इंधनही जास्त जातं. शहरात वारा गरम आणि कसारा घाट उतरताना गार, असं झालं तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलेला आहे असं समजा. हा सुटा भाग फार महाग नसतो. तो बसवून घ्या, आणि गाडी मुळात का तापत होती तेही बघायला सांगा.

मुंबईहून घेतलेली जुनी गाडी

आपल्याकडे मुंबईच्या सेकंडहँड गाड्या बऱ्याच येतात. मुंबईकराला ऊब अशी लागतच नाही. त्याला हीटर आठवतो तो जुलैत, हिंदमाताला पाणी भरलेलं असताना काचेवर वाफ धरली की. म्हणून तिथं कॉइल गळायला लागली, तर काही गॅरेजवाले डॅशबोर्ड खोलण्याचा खटाटोप करत नाहीत. दोन पाइप एकमेकांना जोडून कॉइल वगळून टाकतात. गळती बंद, मालक मोकळा. ती गाडी पिंपळगावला आली की पहिल्या हिवाळ्यात कळतं. घेतानाच इंजिन तापवून हीटर लावून बघा; गाडीवाला हसला तरी चालेल.

सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाडीतही एक भानगड असते. सिलिंडरमधला गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो. रेड्यूसरमध्ये दाब उतरतो तेव्हा तो प्रचंड गार होतो, म्हणून रेड्यूसरला गरम कूलंट द्यावं लागतं. ते बऱ्याचदा हीटरच्याच पाइपाला टी मारून घेतात. जोडणी नीट नसेल तर हीटरचा वाटा कमी होतो. कूलंट उतरलं तर हीटर गार होतो आणि पाठोपाठ रेड्यूसर गारठून गाडी झटके द्यायला लागते.

रस्त्यात काय?

काटा वर चढतोय आणि हीटर मात्र गार, असं एकत्र दिसलं तर पुढचा ढाबा, पुढचा पंप असा हिशेब करू नका. कूलंट फिरत नाहीये. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किमान अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. याउलट काटा चढतोय पण हीटर कडक गरम वारा देतोय, तर एसी बंद करून हीटर पूर्ण वेगावर लावा. तेवढी उष्णता इंजिनातून निघते आणि सुरक्षित जागेपर्यंत जाता येतं. कूलंट खूपच उतरलं तर काट्याचा सेन्सर कोरडा पडून काटा खोटंही दाखवू शकतो, हे ध्यानात असू द्या.

५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला. सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. पण तिथं वेग सलग राहतो आणि थांबायच्या जागा कमी. तपासणी निघण्याआधीच, घरी.

काचेवर वाफ धरली असेल तर हीटर आणि एसी दोन्ही एकत्र लावा, बाहेरची हवा आत घ्या आणि झोत काचेकडे वळवा. एसी हवेतली ओल काढतो, हीटर काच गरम करतो. हीटर बंद पडलेला असेल तर नुसत्या एसीनेही काच बरीच साफ होते, पण पेशंट गारठतो.

आणि मागे बसलेल्या माणसाचा प्रश्न खरा तिथं आहे. आतड्याच्या किंवा पोटाच्या कॅन्सरवर दिलं जाणारं ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध घेतल्यावर काही दिवस थंडी वेगळीच बाधते. गार हवा लागली की बोटांना मुंग्या येतात, घशात आवळल्यासारखं होतं, श्वास अडकल्याचा भास होतो. अशा पेशंटला डॉक्टर गार पाणी, गार वारा टाळायला सांगतात. संध्याकाळी केमो घेऊन भोईवाड्याहून निघालेली गाडी रात्री इगतपुरीच्या गारठ्यात शिरते, तेव्हा पायाशी येणारा गार झोत त्या माणसाला सोसवत नाही. हीटर दुरुस्त होईपर्यंत कानटोपी, हातमोजे, तोंडावर मफलर आणि थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. पेशंटच्या बाजूचे व्हेंट बंद करा. हातापायाला बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

नंबर लागेपर्यंत नातेवाईक भोईवाड्याच्या गल्लीत गाडीतच डुलकी काढतात. एसी असो की हीटर, इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपू नका. सायलेन्सर कुठे फुटका असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला ना वास ना रंग. घाटमाथ्यावर गाडीत शेगडी पेटवण्याचा प्रकारही काही जण करतात, त्यातही हाच वायू असतो. पांघरुणं जास्त घ्या आणि मुक्कामच करायचा असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा. कॅन्सरच्या पेशंटची आणि सोबतच्यांची सोय तिथं होते.