पलटलेल्या गाडीचं इंजिन

नाशिकच्या बाजार समितीत भल्या सकाळी गेलं, की भाजीपाल्यानं लादलेल्या पिकअप गाड्यांची रांग दिसते. दूध, द्राक्षं, कोंबड्या, लग्नाचा मंडप, सगळं याच गाड्या वाहतात. यातल्या पुष्कळ गाड्यांचा मालक आणि ड्रायव्हर एकच असतो, आणि गाडी कर्जावर असते. अशा गाडीचं इंजिन जाम झालं किंवा ब्लॉकला तडा गेला, की घराची मिळकत त्याच दिवशी थांबते. हप्ता मात्र थांबत नाही. नवं इंजिन आवाक्याबाहेरचं असतं. मग कुणीतरी सांगतं, "अमक्या यार्डात अॅक्सिडेंटची गाडी आली आहे, इंजिन चालू आहे, उचलून टाक."

हा सल्ला मुळात वाईट नाही. मी तीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतो आहे. झिजलं म्हणून उतरवलेल्या इंजिनापेक्षा अपघाती गाडीतलं इंजिन कित्येकदा चांगलं निघतं, कारण ते अपघाताच्या क्षणापर्यंत माल वाहत होतं. पण गिऱ्हाईक यार्डात जाऊन पत्रा बघतं. बघायचं असतं ते वेगळंच. धडक बसल्यावर पुढची दोन मिनिटं त्या इंजिनाचं काय झालं, हा खरा प्रश्न.

इंजिनाचं तेल खाली चेंबरमध्ये असतं आणि तेलाचा पंप ते तळातून ओढतो. गाडी उलटली, की तेल तळ सोडून वरच्या बाजूला जातं आणि पंप नुसती हवा ओढू लागतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो. तो नाहीसा झाल्यावर इंजिन थोडा वेळ जरी चालू राहिलं, तरी बेअरिंग खरवडून निघतात.

दुसरा धोका याहून वाईट. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. उलट्या गाडीत तेल हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरलं, तर तेही तसंच पेटतं. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, स्वतःचंच तेल पीत पळत सुटतं. आणि तेल जास्त शिरलं तर? हवा दाबली जाते, तेल किंवा पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन पुढे सुरूही होतं, पण फार दिवस टिकत नाही.

काही वर्षांपूर्वी दूध वाहणारा एक तरुण मला यार्डात घेऊन गेला. तिथे दोन पिकअप होत्या. एकीचं तोंड पार चेपलेलं, रेडिएटर फुटलेला. दुसरी कुशीवर पडून पलटी झालेली, पण बॉनेटखाली सगळं स्वच्छ. त्याचं मन दुसरीवर होतं. मी तिचा एअर फिल्टर उघडायला लावला, तर आत तेलाचा चिखल. पाइपातही तेल. पुढून ठोकलेल्या गाडीचं इंजिन मात्र धडकेसरशी बंद पडलं होतं आणि पाणी गेल्यावर ते कुणी सुरू केलं नव्हतं. पुली, टायमिंग कव्हर आणि ब्लॉकचे फाउंडेशनचे कान तपासून आम्ही तेच घेतलं.

तपासणी अवघड नाही. यार्डवाला लगेच सेल्फ मारून दाखवायला निघतो, त्याला थांबवावं. आधी क्रँक पुलीच्या बोल्टला पान्हा लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवावं. मध्येच अडलं तर जोर लावू नये, नोझल काढून सिलिंडरमध्ये तेल किंवा पाणी आहे का ते बघावं. चेंबरचं तेल भांड्यात काढावं. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. त्यात तांबूस चमक असेल तर बेअरिंग गेले आहेत. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. एकच सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर वाकलेल्या रॉडचा संशय घ्यावा. शेवटी इंजिन सुरू करून बॅक कॉम्प्रेशन पाहावं.

काढताना पहिल्यांदा बॅटरीची वायर सुटी करावी. डिझेलच्या पाइपांची तोंडं लगेच बंद करावीत, कारण पंप आणि नोझलमधली फट इतकी सूक्ष्म असते, की चिमूटभर धूळही ती खराब करते. साखळी इंजिनाच्या उचलायच्या कड्यांनाच लावावी.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला फारशी वायरिंग लागत नाही. कॉमन रेल इंजिनाचं तसं नाही. त्याच्याबरोबर वायरिंगचा पूर्ण संच, कॉम्प्युटर, सेन्सर आणि अॅक्सिलरेटरचं पेडलसुद्धा घ्यावं. चावीचं कुलूप कॉम्प्युटरशी जोडलेलं असेल, तर चावीही. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड असतो, तो कॉम्प्युटरला माहीत असावा लागतो. म्हणून इंजेक्टरची अदलाबदल करू नये. हे सामान मागाहून शोधायला गेलं, की स्वस्तातलं इंजिन महाग पडतं.

आता कागद. गाडी कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. म्हणून विकणाऱ्याकडे त्या गाडीचे कागद मागावेत आणि ब्लॉकवरचा नंबर त्यांच्याशी स्वतः ताडून पाहावा. नंबर घासलेला दिसला, तर इंजिन कितीही चांगलं असो, हात लावू नये. ते चोरीचं असू शकतं. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच जातीचं आणि गाडीच्या प्रदूषण मानकाचं असावं. देशभर बी.एस. ४ एप्रिल २०१७ पासून आणि बी.एस. ६ एप्रिल २०२० पासून लागू झालं, तेव्हा गाडीचं वर्ष बघूनच इंजिन शोधावं. आर.टी.ओ.त विचारूनच काम हाती घ्यावं आणि नवा नंबर आर.सी.वर चढवून घ्यावा. नियमाबाहेरच्या फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उद्या अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर विम्याच्या वेळी अडचण येते ती वेगळीच.

तेव्हा श्रोतेहो, यार्डात गेल्यावर किंमत शेवटी विचारा. आधी विचारा, गाडी कशी पडली, कोणत्या कुशीवर पडली, इंजिन कुणी बंद केलं आणि त्यानंतर ते कुणी सुरू करून पाहिलं का. याची सरळ उत्तरं देणारा विक्रेता भेटला, तर दोन पैसे जास्त मोजायलाही हरकत नाही.