जलजीवालय, घरगुती

मासे, पाणवनस्पती इ. जलचर घरात पाळण्यासाठी वापरण्यात येणारी काचेची टाकी. लहान मुलांस जीवसृष्टीची ओळख करून देण्याचे ते उत्तम साधन आहे. तथापि नव्या टाकीत पाणी भरून लगेच मासे सोडल्यास ते पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. पाणी स्वच्छ दिसत असल्याने त्याचे कारण मुलाच्या वा पालकांच्या ध्यानात येत नाही. मासे आणण्यापूर्वी टाकीत उपयुक्त सूक्ष्मजंतूंची वाढ होऊ देणे, म्हणजेच टाकी पक्व करणे, हा त्यावरील उपाय होय.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक जलजीवालय उघडण्यात आले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

तत्त्व : माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. काही सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइटात रूपांतर करतात. नायट्राइटही विषारी असते. नायट्रोस्पायरा व तत्सम सूक्ष्मजंतू त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटात रूपांतर करतात. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. हे सूक्ष्मजंतू मुख्यत्वे स्पंज, वाळू व खडे यांच्या पृष्ठभागावर वाढतात. म्हणून नुसते पाणी शिळे करून टाकी पक्व होत नाही.

मांडणी : ६०×३०×३० सेंमी. मापाची टाकी नवशिक्यास सोयीची असते. तीत सु. ५० लि. पाणी मावत असल्याने ती भक्कम, सपाट आधारावर व थेट उन्हापासून दूर ठेवतात. काचेच्या लहान गोल भांड्यात पाणी लवकर दूषित होते. तळाशी धुतलेली जाड वाळू, एक स्पंज फिल्टर व हवेचा पंप एवढे साहित्य पुरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सूक्ष्मजंतूंना मारक असल्याने ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून किंवा क्लोरीननाशक घालून वापरावे.

पक्वन : फिल्टर अखंड चालू ठेवून टाकीत रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकतात. ते कुजून अमोनिया निर्माण होतो. जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा ठेवल्यास कालावधी घटतो. प्रथम अमोनिया वाढतो, नंतर तो उतरून नायट्राइट वाढते व शेवटी नायट्रेट आढळते. खाद्य टाकणे चालू असूनही अमोनिया व नायट्राइट सलग काही दिवस शून्य आढळल्यास टाकी पक्व झाली असे समजतात. यास बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. रंगबदलावर आधारलेल्या चाचणीने मुलास हे फेरफार स्वतः पाहून वहीत नोंदविता येतात.

हवामानाचा परिणाम : जळगाव जिल्ह्यातील यावलसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४०° से.च्या वर जाते. पाणी २५° से.वरून ३५° से.पर्यंत तापल्यास त्यातील विद्राव्य ऑक्सिजन लिटरमागे सु. ८ मिग्रॅ.वरून ७ मिग्रॅ.पर्यंत घटतो, उलट अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दुप्पट होतो. कडाक्याच्या थंडीत नायट्रीकरण मंदावते. म्हणून खानदेशात पावसाळ्यात किंवा तो संपताना टाकी मांडणे श्रेयस्कर. कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंख्याची हवा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी थंड राहते. बाष्पीभवनात क्षार मागे राहतात. विहिरीचे पाणी दुष्फेन असल्यास ते साचत जातात. त्यामुळे घटलेले पाणी नुसते भरून काढणे पुरेसे नसते.

निगा : आरंभी दोन-तीन गप्पी सोडावेत, डासांच्या अळ्या खाणारे हे मासे दुष्फेन पाण्यात चांगले तगतात. केवळ नर ठेवल्यास संख्या बेसुमार वाढत नाही. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे व स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच धुवावा. नळाखाली धुतल्यास त्यातील सूक्ष्मजंतू नष्ट होऊन टाकी पुन्हा अपक्व होते. नको असलेले मासे नदीनाल्यात सोडू नयेत. गप्पी परदेशी असल्याने स्थानिक जातींना त्यांच्यापासून उपद्रव पोहोचू शकतो.