गर्भारपणात मॉलिक्युलर टेस्ट कधी गरजेची?

गोड बातमी पक्की झाली की डॉक्टर पहिल्याच भेटीत रक्ततपासण्यांची यादी हातात देतात. ‘रक्तगट तर कॉलेजपासून माहीत आहे, मग पुन्हा कशाला?’ असं काही जणींना वाटतं. काही जणी मात्र लॅबचं सर्वांत महागडं पॅकेज निवडून निर्धास्त होतात. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. साध्या तपासण्या प्रत्येकीने वेळेवर करायच्या असतात आणि त्यांतून एखादा प्रश्न उभा राहिला, तर त्याचं नेमकं उत्तर मॉलिक्युलर टेस्ट देते.

दोन्हींत फरक काय?

संसर्गाच्या बऱ्याच साध्या तपासण्या अँटिबॉडी शोधतात. अँटिबॉडी म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं. त्या सापडल्या तर संसर्ग झाला होता हे कळतं, पण कधी झाला आणि बाळापर्यंत पोहोचला का, हे कळेलच असं नाही. मॉलिक्युलर टेस्ट थेट जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधते. कोरोनाच्या काळात घरोघरी माहीत झालेली पीसीआर टेस्ट याच प्रकारची.

आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह

भारतात १०० पैकी सुमारे ५ जणांचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असतो. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. प्रसूतीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला मात्र या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी नष्ट करतात. बाळाला तीव्र रक्तक्षय किंवा कावीळ होते, कधी ते पोटातच दगावतं.

हे टाळता येतं. तुम्ही निगेटिव्ह असाल तर इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट करून अँटिबॉडी आधीच तयार झाल्या आहेत का, ते पाहतात. नसतील तर साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. अँटिबॉडी एकदा तयार झाल्या, की या इंजेक्शनचा उपयोग होत नाही.

गर्भपात, रक्तस्राव किंवा पोटाला मार बसल्यानंतरही अँटी-डीची गरज पडू शकते. आधीचा गर्भपात घरात कोणाला सांगितला नसेल, तरी डॉक्टरांपासून लपवू नका. हवं तर त्यांच्याशी एकटीने बोला.

बाळाचा आरएच प्रकार जन्माआधीही कळू शकतो. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए तरंगत असतो, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. त्यावर आधारलेली टेस्ट डेन्मार्कमध्ये २०१० पासून आणि नेदरलँड्समध्ये २०११ पासून निगेटिव्ह मातांसाठी देशभर होते. त्यामुळे बाळ निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन टळतं. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. ती केली नाही म्हणून बिघडत नाही, अँटी-डी चुकवलं तर बिघडू शकतं.

संसर्गात उपयोग कुठे?

हिपॅटायटिस बी : साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर रक्तात विषाणू किती आहे हे डीएनए टेस्टने मोजतात. प्रमाण जास्त असेल तर शेवटच्या तिमाहीत आईला गोळ्या देतात. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस मिळायलाच हवी.

एचआयव्ही : आई उपचार घेत नसेल तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून बाळाची साधी टेस्ट फसवी ठरते. त्यासाठी सहाव्या आठवड्यापासून पीसीआर करतात.

सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा : ‘टॉर्च’ टेस्टमध्ये काही पॉझिटिव्ह दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. काही अँटिबॉडी संसर्गानंतर कित्येक महिने रक्तात राहतात. सोनोग्राफीत शंका आली किंवा नवा संसर्ग वाटला, तर गर्भजलाची पीसीआर करायची का, हे डॉक्टर ठरवतात. केवळ एका रिपोर्टवरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.

टेस्टआधी हे विचारा

• ही टेस्ट मला कशासाठी सांगितली आहे?
• रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढे काय करायचं?
• कोणत्या आठवड्यात केली तर उत्तर खात्रीचं मिळेल?
• माझा आणि पतीचा रक्तगट फाइलवर लिहिला आहे का?

खर्चाची चिंता असेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. आणि कोणत्याही टेस्टमधून बाळाचं लिंग विचारणं किंवा सांगणं हा कायद्याने गुन्हा आहे.

तुमची फाइल प्रत्येक भेटीला सोबत न्या आणि शहर बदललं, माहेरी गेलात तरी ती बरोबर ठेवा. प्रसूतीच्या घाईत रक्तगटाची ती एक ओळच पुढच्या बाळाचा जीव वाचवू शकते.